कागदावरचा सेटर

कुत्र्यावर लेख लिहितो आहे म्हटल्यावर आमच्या घरात हशा पिकला. दिवाळी अंकात लोकांना काही गोडाचे वाचायला हवे असते, त्यात तुमचे कुत्रे कुठे आणता, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. म्हणणे खोटे नाही. परंतु गेल्या दिवाळीत ऐन धनत्रयोदशीला आमच्या घरी, जळकोटला, एक सेटर आला, आणि त्या दिवसापासून माझा व माझ्या पुतण्याचा जो वाद जुंपला आहे तो ह्या दिवाळीपर्यंत मिटलेला नाही. वाद घरातला असला तरी मुद्दा घरापुरता नाही. शहरांतून आणि आता खेड्यांतूनही जातिवंत कुत्री ज्या रीतीने निवडली जातात आणि ज्या रीतीने वाढवली जातात, ती रीतच मुळात चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे. ते मी येथे मांडणार आहे. पुतण्याने वाचावे ही इच्छा अर्थातच आहे.

सेटर हा पक्ष्यांच्या शिकारीचा कुत्रा. शिकारी कुत्रा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सशामागे सुसाट धावणारा, दात विचकणारा प्राणी उभा राहतो. सेटरचे काम नेमके उलटे. त्याने पक्षी पकडायचा नाही, पक्ष्याच्या अंगावर जायचे नाही, भुंकायचेसुद्धा नाही. वाऱ्यावर नाक धरून रान पालथे घालायचे आणि गवतात दडलेल्या तितराचा वास लागला की जागच्या जागी थिजायचे, एवढेच. १५७० साली जॉन कीज नावाच्या इंग्रज वैद्याने आपल्या देशातल्या कुत्र्यांवर लॅटिन भाषेत एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात ह्या कुत्र्याला त्याने 'इंडेक्स' म्हटले आहे. इंडेक्स म्हणजे दाखविणारा. त्या काळी कुत्रा पोटावर सरपटत पक्ष्यांपर्यंत जाई, तिथे दबून बसे, आणि मागून माणसे जाळे टाकीत. बसणारा म्हणून सेटर. पुढे उडता पक्षी टिपणाऱ्या बंदुका आल्या आणि बसण्याऐवजी उभे राहून दाखविणे सोयीचे झाले; पण वास लागताच स्वतःला आवरण्याचा गुण तोच राहिला. हातातोंडाशी आलेला घास समोर असताना जो थांबतो तो सेटर. ह्या जातीचे सगळे मोल ह्या एका थांबण्यात आहे. तिच्या केसांच्या झालरीत नाही, की डोळ्यांतल्या कारुण्यात नाही.

असा कुत्रा कामावर असलेला मी पाहिला आहे. साठीच्या दशकात, मी दहा-अकरा वर्षांचा असताना, वडिलांचे एक वकील मित्र दर हिवाळ्यात सोलापुराहून आमच्याकडे येत. बरोबर पांढऱ्यावर काळे शिंतोडे असलेली सेटर कुत्री असे. शाळू पोटऱ्यात आलेला, पहाटेचे दव, आणि ह्या दोघांच्या मागे जेवणाचा डबा घेऊन मी. एका बांधाशी ती कुत्री चालता चालता अशी थांबली की, कोणी तिला हवेतच खिळा ठोकून बसवावे. डावा पाय वर, शेपूट सरळ, अंगावरचा एक केस हलेना. समोर तर मला काहीच दिसत नव्हते. वकीलसाहेब हळूच म्हणाले, "बाळ, आता श्वाससुद्धा मोठ्याने घेऊ नकोस." आणि दुसऱ्याच क्षणी पायाखालची जमीन फुटावी तसा लाव्यांचा थवा भुर्रकन उडाला. बंदूक वाजली, दोन पक्षी पडले. पण मला आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. पक्षी उडाले, बार झाला, तरी कुत्री जागची हलली नव्हती. हुकमाची वाट पाहत होती.

पुढे एकदा फाल्गुनात ती अशीच उभी राहिली, तेव्हा वकीलसाहेबांनी वाकून पाहिले, बंदुकीतली काडतुसे काढली आणि मुकाट्याने तिला पट्टा घालून मागे नेले. तितराची मादी अंड्यांवर होती. वडिलांनी विचारले तर एवढेच म्हणाले, "हिने दाखवलंय, मी बघितलंय. झालं काम."

ही कुत्री त्यांनी निवडली कशी, ते वडिलांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. पिल्ले जन्मण्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते दोन वेळा पदरखर्चाने जाऊन तिच्या आईला रानात काम करताना पाहून आले होते. बापाची चौकशी केली होती. पिल्ले झाल्यावर आईपासून तोडायची घाई केली नाही. आठ आठवडे पुरे होऊ दिले. मग पिल्लांच्या मागे उभे राहून टाळी वाजवली आणि कोण वळून पाहते, कोण दचकून पळते, कोण ढिम्म बसते ते पाहिले. पांढऱ्या अंगाच्या कुत्र्यांत जन्मतः बहिरेपणा असू शकतो. म्हणून ही टाळी. सर्वांत दांडगे पिल्लू घेतले नाही आणि कोपऱ्यात लपलेलेही घेतले नाही. घरी आणल्यावर काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधून तिच्यापुढे एकदा-दोनदा नाचवले, आणि ती टक लावून थबकली एवढे पाहून तो खेळ बंद केला. तो रोज केला तर कुत्रा नाकाऐवजी डोळ्यांनी शिकार करायला शिकतो. वर्षभर बंदूक नाही. त्याऐवजी जेवणाच्या वेळी दूर गोठ्यात थाळी वाजवायची, आणि आवाज रोज चार पावले जवळ आणायचा, म्हणजे आवाज झाला की जेवण, अशी तिची समजूत पक्की व्हावी.

आता आमच्या पुतण्याची रीत ऐका. त्याने कुत्री फोनवरच्या फोटोत पाहिली. आई पाहिली नाही, बाप पाहिला नाही, ती जन्मली ते घरही पाहिले नाही. पैसे आधी पाठवले. कुत्री पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, खोक्यात बसून, महामार्गाच्या फाट्यावर उतरली. बरोबर एक गुळगुळीत कागद होता. "काका, बघा की, तीन पिढ्यांची नावं आहेत!" मी पाहिली. तीन पिढ्यांत चौदा नावे होती आणि त्यांतल्या एकाही कुत्र्याने आयुष्यात कधी तितर हुंगला होता की नाही, ह्याबद्दल कागद गप्प होता. कुत्रीचे नाव डायना ठेवले गेले. आमच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी त्याचे 'दैना' केले, आणि पुढे जे घडले ते पाहता मला वहिनींचेच नाव अधिक शास्त्रशुद्ध वाटते.

तिसऱ्या रात्री लक्ष्मीपूजन. गल्लीत फटाक्यांच्या माळा सुरू झाल्या तशी दैना बाजेखाली शिरली ती दोन दिवस बाहेर आली नाही. नऊ-दहा आठवड्यांचे पिल्लू, घर नवे, माणसे नवी, आणि डोक्यावर सुतळी बाँब! ह्या वयात बसलेली भीती सहसा जात नाही. आज ती कुकरच्या शिट्टीलाही पळते. शिकारी कुत्र्यांच्या जगात अशा कुत्र्याला बंदुकीला बुजरा म्हणतात आणि तो कामातून गेला असे समजतात. पुतण्याच्या मनात काय होते हे ठाऊक असल्यामुळे मला एका अर्थी ते बरेच वाटले. पण त्याची किंमत त्या मुक्या जिवाने का द्यावी? ज्यांना दिवाळीत घरी पिल्लू आणायचे आहे त्यांनी ते तुळशीच्या लग्नानंतर आणावे, इतके तरी माझे ऐकावे.

हे कागदाचे वेड आले कुठून? ज्या देशातून सेटर आला तिथूनच. १८५९ च्या जूनमध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावी कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. त्यात फक्त दोनच जाती होत्या, पॉइंटर आणि सेटर. म्हणजे सौंदर्यस्पर्धेच्या मांडवात पहिला बळी गेला तो आमच्या ह्या कामकऱ्याचाच! त्या प्रदर्शनाची एक गंमत सांगतात. सेटरांचे बक्षीस पॉइंटरांच्या परीक्षकाच्या कुत्र्याला मिळाले आणि पॉइंटरांचे बक्षीस सेटरांच्या परीक्षकाच्या कुत्र्याला. आपल्याकडच्या वक्तृत्वस्पर्धांची आठवण व्हावी. रानातल्या कामाची परीक्षा त्यानंतर सहा वर्षांनी, १८६५ साली सुरू झाली; पण तोवर लोकांना मांडवाची गोडी लागली होती. एडवर्ड लॅव्हरॅक नावाच्या गृहस्थाने उभा जन्म इंग्लिश सेटर जोपासण्यात घालवला आणि १८७२ साली त्यावर पुस्तक लिहिले. माणूस स्वतः रानात हिंडणारा. पण त्याच्यामागून आलेल्या हौशी मंडळींनी त्याच्या कुत्र्यांचे रूप तेवढे उचलले.

ह्याचा परिणाम आयरिश सेटरच्या बाबतीत फार वाईट झाला. ते तांबडे, झळझळीत कुत्रे दिसायला इतके देखणे की, लोकांनी त्याच्याकडे रंगासाठीच पाहावे. मूठभर नावाजलेल्या नरांची पिल्ले सगळीकडे पसरली, जवळच्या नात्यांत जोड्या लागत गेल्या, आणि घराण्यांत अंधत्व शिरले. आधी रात्री दिसेनासे होते, मग दिवसाही. ह्या रोगाची खोच अशी की, आई आणि बाप दोघेही डोळस असतात. दोघांच्या रक्तात दोष लपलेला असला तर चारांतले एक पिल्लू आंधळे निघते. कागदावर मात्र नावे तशीच झळकत राहतात. ब्रिटनमध्ये चाचणीच्या जोड्या लावून, दोष बाळगणारी घराणी वगळून, तो रोग मोठ्या कष्टाने आटोक्यात आणावा लागला. तिकडे अमेरिकेत १९५० च्या सुमारास काही जाणत्यांनी पाहिले की, प्रदर्शनातला तांबडा सेटर रानात निरुपयोगी झाला आहे. तेव्हा त्यांनी सरळ इंग्लिश सेटरचे रक्त त्यात मिसळले आणि काम करणारा कुत्रा पुन्हा उभा केला. शुद्धतेच्या अभिमान्यांनी आकांत केला. करोत बापडे! शुद्धता मोठी की नाक मोठे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. धर्मराजाने स्वर्गाच्या दारात ज्या कुत्र्यासाठी इंद्राला अडवून धरले त्याचीही तीन पिढ्यांची नावे कोणी विचारलेली नाहीत.

इथे आमच्याकडचे दुसरे एक पथक हमखास उभे राहते. "परदेशी कुत्रा आणताच कशाला? आपला कारवान काय वाईट आहे? मुधोळ काय वाईट आहे?" मुळीच वाईट नाही. उलट दख्खनच्या माळाला त्याच्याइतका शोभणारा कुत्रा नाही. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात नावारूपाला आणली. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघाले. पण एक तर हा कुत्रा डोळ्याने पाहून धावणारा आहे. नाकाने शोधून थांबणारा नव्हे. दोघांची तुलना म्हणजे टांग्याच्या घोड्याची आणि मोटेच्या बैलाची तुलना. आणि दुसरे असे की, देशाभिमानाच्या ह्या लाटेत त्याचेही तेच होऊ घातले आहे. एक संस्था त्याला कारवान म्हणते, दुसरी मुधोळ म्हणते, आणि बाजारात कोणत्याही लांब तंगड्यांच्या सडपातळ कुत्र्याला मुधोळ म्हणून विकतात. माळावर मैलोगणती धावायला जन्मलेला तो जीव शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत गोल गोल फिरताना मी पाहिला आहे. मालक अभिमानाने सांगत होते, "आपण देशी पाळतो."

दैनाकडे परत येतो. गुरांच्या दवाखान्यात माझी नोकरी झाल्यामुळे तिच्या लशी, जंत, गोचिडे हे सारे आपोआप माझ्याकडे आले. आमच्या भागात सेटर पाळणे म्हणजे काय, हे कागद देणाऱ्याने सांगितले नव्हते. पोटाखाली, पायांमागे, कानांवर लांब रेशमी केस, आणि सभोवार कुसळी गवत! दसऱ्यानंतर कुसळ वाळले की प्रत्येक फेरीनंतर तासभर बसून तिच्या बोटांच्या बेचक्यांतून, काखेतून, कानांतून कुसळे वेचावी लागतात. एखादे राहिले तर कातडीत शिरते, आत आत सरकते आणि आठ दिवसांनी गळू धरते. सराट्यांचे तर विचारूच नका. गोचिडातून येणारा ताप परदेशी रक्ताच्या कुत्र्याला लवकर घेरतो. लघवी लाल झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या की, दिवस मोजायला वेळ नसतो. चैत्रापासून मृगापर्यंत दुपारी तिला बाहेर काढता येत नाही. ज्यांनी हे केले नाही त्यांनी "सेटर आमच्याकडे टिकत नाही" असे म्हणू नये. "आम्ही टिकवीत नाही" असे म्हणावे.

आता वादाच्या मुळाशी येतो. पुतण्याने सेटर आणला तो मित्रांबरोबर लावे-तितर मारायला. "काका, एअरगननं दोन-चार मारले तर कोण बघतंय? तुम्ही लहानपणी खाल्लेच की." खाल्ले, नाकारत नाही. पण १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. बरोबर लॅव्हरॅकच्या पुस्तकानंतर शंभर वर्षांनी, हा आपला एक योगायोग. त्या कायद्यात सुरुवातीला परवाना काढून काही पक्षी मारण्याची वाट ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. शिकारीची व्याख्या तर हौशी मंडळींनी एकदा वाचावीच. नुसते मारणे नव्हे, पकडणे, फासा लावणे, हाकणे, कुत्री सोडून पाठलाग करणे आणि ह्यांतल्या कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे शिकारीत मोडते. पक्ष्यांची अंडी नेणे आणि घरटी विस्कटणेही त्यातच. तेव्हा "आम्ही कुठे मारतो, आम्ही फक्त कुत्रा धावडवतो" हे म्हणणे कायद्यापुढे टिकत नाही.

ह्यात मला जो राग येतो तो वेगळाच आहे. आमच्या भागात फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या तितर-लावे धरीत आले. कोणत्या वाऱ्याला तितर कुठल्या बांधाला बसेल, हे त्यांच्या पोरांना कळते. १८७१ पासून इंग्रजांनी जे कायदे केले त्यांनी ज्या जमातींच्या कपाळी गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांत हे लोकही आले. १९५२ साली तो कायदा गेला, पण कपाळावरचा शिक्का अजून पुसला गेलेला नाही. आज पारध्याच्या झोळीत चार लावे सापडले तर तो गुन्हेगार. आणि हजारोंचा कुत्रा, परदेशी टोपी व एअरगन घेऊन माळावर उतरणारा तो मात्र निसर्गप्रेमी! पारध्याला मुभा द्यावी असे मी म्हणत नाही. माळच उरला नाही, तिथे मुभा कोणालाच नको. पण पोटासाठी फासा लावणाऱ्याने तो सोडायचा आणि चैनीसाठी बंदूक धरणाऱ्याने 'परंपरा' म्हणून ती मिरवायची, हा न्याय कोणत्या गावचा? परंपरा म्हणून सांगायचे तर सालिम अलींचेही लहानपण चिमण्यांवर एअरगन झाडण्यात गेले. त्यांनीच मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीने त्यांना पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळवले.

मग सेटर पाळूच नये काय? पाळावा, पण त्याला त्याचे काम देता येत असेल तरच. आणि त्याचे काम, नीट पाहिले तर, मारण्याचे कधीच नव्हते. मारीत होता माणूस. न्यूझीलंडमध्ये रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाने १८९० नंतरच्या वर्षांत, तोंडाला मुसके बांधलेला कुत्रा घेऊन काकापो नावाचे न उडणारे पोपट रानातून शोधून काढले आणि ते वाचावेत म्हणून बेटांवर नेऊन सोडले. त्या देशात आजही दुर्मिळ पक्षी शोधायला शिकवलेली कुत्री वापरतात, आणि त्यांत सेटरही असतात. स्कॉटलंडच्या माळांवर ग्राउस पक्ष्यांची मोजदाद पॉइंटर-सेटरांच्या साहाय्याने करतात. आमच्याकडे नान्नजच्या बाजूला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. माळढोक इतका मोठा पक्षी, तरी डोळ्यांदेखत जवळजवळ नाहीसा झाला. मग मुठीएवढ्या लाव्याची काय कथा? जळकोटच्या शिवारात आज लाव्यांचे किती थवे आहेत, हे मला सांगता यायचे नाही, आणि गावात मला सांगू शकेल असा कोणी भेटलेला नाही.

म्हणून गेल्या मार्गशीर्षापासून मी दैनाला लांब दोरीवर घेऊन पहाटे आमच्याच रानात जातो. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत जात नाही. वनखात्याच्या जमिनीवर पाऊल टाकत नाही. कुकरला पळणारी ही कुत्री वाऱ्यावर नाक गेले की निराळीच होते. पहिल्यांदा ती करडईच्या कडेला उभी राहिली तेव्हा, खरे सांगतो, साठ वर्षांपूर्वीचा तो बांध माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी दोरी ओढली नाही, पुढेही गेलो नाही. थोड्या वेळाने लावे आपणच गवतातून चालत निघून गेले. सात मोजले. वहीत लिहिले.

पुतण्याचे आता नवेच चालले आहे. दैना वर्षाची झाली नाही तोच तिची पिल्ले काढून विकायचा बेत ठरला. नर कोणता? तोही फोटोतलाच. मागणी नोंदवणारी गिऱ्हाइके आताच घरी येऊ लागली आहेत. मी त्याला स्पष्ट सांगितले आहे की, ती दोन वर्षांची होईपर्यंत, तिचे खुबे, कान, डोळे तपासून होईपर्यंत आणि नराला मी स्वतः रानात पाहून येईपर्यंत ह्या घरात पिल्ले होणार नाहीत. येणाऱ्या गिऱ्हाइकालाही माझी एकच अट आहे. पिल्लू हवे ना? मग दोन महिने रोज पहाटे पाच वाजता जळकोटला या, माझ्याबरोबर तीन कोस चाला आणि परत आल्यावर हिच्या अंगातली कुसळे वेचा. पैशाचे मग बोलू.

आजवर नऊजण येऊन गेले. पहाटे कोणी आलेला नाही. पुतण्या म्हणतो, काका गिऱ्हाईक पळवतात. पळवतोच.